आरोग्याची आवर्ती ठेव



नागरिकांची शरीरे धडधाकट असावीत, ही इच्छा प्रत्येक राजवटीला असते. मात्र ती निव्वळ प्रजेवरील प्रेमापोटी निर्माण झाली, असे इतिहास सांगत नाही. गेल्या दोनशे वर्षांत अनेक सरकारांनी राष्ट्रीय तंदुरुस्तीसाठी समित्या नेमल्या, कायदे केले, पदके आणि प्रमाणपत्रे वाटली. त्यांतील बहुतेक योजना काही वर्षांत विरून गेल्या. एक योजना मात्र आज शंभरीच्या उंबरठ्यावर उभी आहे. ती का टिकली आणि बाकीच्या का टिकल्या नाहीत, हा हिशेब आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांनी तपासून पाहावा असा आहे. कारण बसून करावयाच्या व्यवसायात शरीर ही अशी मालमत्ता आहे, जिची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

या इतिहासाचे पहिले पान युद्धाचे आहे. १८०६ मध्ये नेपोलियनने येना येथे प्रशियाचा दारुण पराभव केला. त्या अपमानाची जखम ताजी असताना फ्रीडरिश यान या शिक्षकाने १८११ मध्ये बर्लिनमधील हासेनहाइडे या मोकळ्या जागेत तरुणांसाठी खुली व्यायामशाळा सुरू केली. लढू शकेल अशी पिढी घडवणे हा तिचा उघड हेतू होता. पुढे याच व्यायामशाळांतून राजकीय मागण्यांचे सूर उमटू लागले, तेव्हा प्रशियाच्या सरकारने १८२० मध्ये त्यांवर बंदी घातली आणि ती १८४२ पर्यंत कायम ठेवली. सरकारला बलवान प्रजा हवी असते; पण ते बल आपल्या ताब्यात असावे, अशीही त्याची अट असते.

ब्रिटनमध्येही असेच घडले. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धासाठी सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा औद्योगिक शहरांतील असंख्य तरुण शारीरिक तपासणीत अपात्र ठरले. साम्राज्याला धक्का बसला, चौकशी समिती नेमली गेली आणि १९०४ मध्ये तिचा अहवाल आला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत शाळकरी मुलांना भोजन देण्याची आणि त्यांची वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद कायद्याने झाली. चिंता सैन्याची होती, पण लाभ गरीब मुलांचा झाला. पुढे १९३७ मध्ये ब्रिटिश संसदेने शारीरिक शिक्षण व करमणूक यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि राष्ट्रीय तंदुरुस्ती परिषद स्थापन केली. पण १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच ती परिषद गुंडाळली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रयत्नांचे केंद्र अमेरिकेकडे सरकले. १९५० च्या दशकाच्या आरंभी डॉ. हान्स क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आणि युरोपातील हजारो शाळकरी मुलांची सहा सोप्या हालचालींची चाचणी घेतली. गुडघे न वाकवता पायाच्या बोटांना हात लावणे, उताणे पडून उठून बसणे, अशा या हालचाली. निम्म्याहून अधिक अमेरिकन मुले किमान एका हालचालीत तरी अयशस्वी ठरली. युरोपीय मुलांत हे प्रमाण शेकडा दहाहूनही कमी होते. घरोघरी मोटारी, दूरदर्शन संच आणि भरलेली शीतकपाटे असलेल्या जगातील सर्वांत श्रीमंत देशाची मुले, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांतील मुलांच्या मागे पडली होती.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ही बाब मनावर घेतली. याविषयीची परिषद भरण्यापूर्वीच, सप्टेंबर १९५५ मध्ये, त्यांना स्वतःलाच हृदयविकाराचा झटका आला आणि परिषद पुढे ढकलावी लागली. अखेर जुलै १९५६ मध्ये त्यांनी अध्यादेश काढून युवकांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्राध्यक्षांची परिषद नेमली. त्यांच्यानंतर निवडून आलेल्या केनेडी यांनी पदग्रहण करण्यापूर्वीच, डिसेंबर १९६० मध्ये, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकात लेख लिहून अमेरिकन माणूस मऊ पडत चालल्याची खंत व्यक्त केली. शीतयुद्धाच्या काळात हे मऊपण त्यांना राष्ट्रीय सुरक्षिततेचा धोका वाटत होते. १९६३ च्या आरंभी पन्नास मैल, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटर, पायी चालण्याची एक लाटच देशभर उसळली. राष्ट्राध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी थंडीच्या दिवसांत साधे चामडी बूट घालून हे अंतर चालून गेले. काही आठवड्यांत ती लाट ओसरली.

टिकली ती शाळांमधील चाचणी. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकिर्दीत तिला पुरस्काराची जोड मिळाली. धावणे, उड्या, उठाबशा यांत राष्ट्रीय मानकांनुसार वरच्या पंधरा टक्क्यांत येणाऱ्या मुलांनाच राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा बिल्ला मिळे. या नियमाचा अर्थ नीट पाहावा. शंभर मुलांपैकी पंचाऐंशी मुलांना तो बिल्ला मिळणार नाही, हे नियमातच लिहिलेले होते. जी मुले आधीपासून चपळ होती त्यांचा गौरव झाला. ज्यांना व्यायामाची खरी गरज होती ती मुले वर्षातून एकदा सर्व वर्गासमोर लोखंडी दांड्याला लोंबकळत राहिली आणि व्यायाम हा आपला प्रांत नव्हे, एवढेच शिकली. २०१२ मध्ये ही चाचणी बंद करण्याचा निर्णय झाला आणि स्पर्धेऐवजी प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या आरोग्याकडे पाहणारी नवी पद्धत आली. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जुनी चाचणी पुन्हा सुरू करण्याचा आदेश काढला. दरम्यानच्या काळात, १९६० च्या सुमारास तेरा टक्क्यांच्या आसपास असलेले प्रौढांमधील स्थूलतेचे प्रमाण तेथे चाळीस टक्क्यांच्या घरात पोहोचले. हा दोष केवळ चाचणीचा नव्हे. आहार, मोटारी, कामाचे स्वरूप ही त्याची मोठी कारणे आहेत. परंतु बिल्ल्याने हा ओघ थांबला नाही, एवढे निश्चित.

आता शंभरीच्या उंबरठ्यावरील योजनेकडे वळू. ती जपानची आहे आणि तिचा उगम युद्धखात्यात नव्हे, तर टपाल खात्याच्या विमा विभागात आहे. १९१६ मध्ये जपान सरकारने टपाल कार्यालयांतून सामान्य लोकांसाठी लहान रकमेचा आयुर्विमा सुरू केला. त्यासाठी वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. व्यवहार जाणणाऱ्याला यातील मेख लगेच कळेल. तपासणी न करता जोखीम पत्करणाऱ्या विमेकऱ्याला, विमेदार दीर्घकाळ जगून हप्ते भरत राहण्यातच लाभ असतो. त्याच सुमारास अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ ही विमा कंपनी १९२५ पासून रेडिओवरून सकाळचे व्यायाम प्रसारित करू लागली होती. जपानच्या विमा विभागाने ती कल्पना उचलली आणि सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहण समारंभाचे निमित्त साधून १ नोव्हेंबर १९२८ रोजी रेडिओवरील व्यायाम सुरू केला. तेथे त्याला ‘राजिओ ताइसो’ म्हणतात. टपाल कर्मचाऱ्यांनी तो गावोगावी पोहोचवला.

या योजनेचा इतिहास निष्कलंक नाही. १९३० च्या दशकात आणि युद्धकाळात तिलाही सैनिकी राष्ट्रवादाच्या कवायतीला जुंपण्यात आले. पराभवानंतर देश दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना १९४७ मध्ये हे प्रसारण थांबले. १९५१ मध्ये नव्या हालचाली आणि पियानोची नवी धून घेऊन ते परतले आणि तेव्हापासून अखंड चालू आहे. रोज सकाळी साडेसहा वाजता एनएचके या प्रसारण संस्थेच्या रेडिओवरून दहा मिनिटांचा कार्यक्रम होतो. त्यातील पहिल्या व्यायामात तेरा हालचाली आहेत आणि त्यांना तीन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ लागतो. हात वर ताणणे, कंबर वळवणे, वाकणे, हलक्या उड्या मारणे, शेवटी दीर्घ श्वास. साधने नकोत, विशेष कपडे नकोत, शुल्क नको. बागेत वृद्ध जमतात, कारखान्यांत आणि बांधकामांवर कामाच्या आरंभी कामगार रांगेत उभे राहतात. उन्हाळी सुट्टीत मुले गळ्यात एक कार्ड अडकवून येतात आणि व्यायाम झाला की त्यावर शिक्का मारून घेतात.

तो शिक्का कशाचा आहे, हे ध्यानात घ्यावे. किती वेगाने धावला याचा नव्हे, तर आज आला याचा. त्यात कोणी पहिला नाही, कोणी नापास नाही. अमेरिकेने वर्षातून एकदा मोजमाप केले. जपानने रोज थोडे करवून घेतले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एकाने दरवर्षी शिलकीची तपासणी केली, पण खात्यात काही भरलेच नाही. दुसऱ्याने आवर्ती ठेवीसारखा लहान हप्ता चुकू दिला नाही. जपानी लोकांच्या दीर्घायुष्याचे सारे श्रेय या तीन मिनिटांना देणे अतिशयोक्तीचे होईल; त्यांचा आहार, पायी चालण्याची सवय आणि आरोग्यसेवा यांचाही त्यात वाटा आहे. पण सरकारी योजना लोकांच्या अंगवळणी पडू शकते आणि आजोबांपासून नातवापर्यंत पोहोचू शकते, हे तिने सिद्ध केले.

आपल्या देशातही प्रयत्न झाले. महाराष्ट्रात तर सरकारच्या आधी समाजच पुढे आला होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, तर लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेले कैवल्यधाम १९२४ चे. मुंबई इलाख्याच्या सरकारने कुवलयानंदांचे ज्ञान शालेय शारीरिक शिक्षणाची आखणी करताना उपयोगात आणले. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. तिचा आरंभ फाळणीत विस्थापित झालेल्या मुलांपासून झाला. १८५७ च्या शताब्दीनिमित्त १९५७ मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उघडले. १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम निघाली. धावणे, उडी, फेक यांच्या कसोट्या ठरल्या. निरनिराळ्या योजनांची सांगड घालण्यासाठी कुंझरू समितीने अहवाल दिला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती सक्ती उठली. येथेही तेच सूत्र दिसते: संकट आले की कवायत सुरू, संकट सरले की कवायत शिथिल.

अलीकडे २९ ऑगस्ट २०१९ रोजी, मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीदिनी, पंतप्रधानांनी ‘फिट इंडिया’ चळवळीचा आरंभ केला. तिचे आवाहन रोज अर्धा तास शरीराला देण्याचे आहे. २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस म्हणून २०१५ पासून जगभर साजरा होतो. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. या वेळी हेतू सैन्याचा नसून आजारांचा आहे, हा बदलही महत्त्वाचा आहे. पण आकडे काय सांगतात? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासानुसार, २००० साली भारतातील सुमारे २२ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. २०२२ मध्ये हे प्रमाण जवळजवळ ५० टक्क्यांवर गेले. स्त्रियांमध्ये ते सुमारे ५७ टक्के, पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के आहे. पुरेशी हालचाल म्हणजे काही मल्लविद्या नव्हे. आठवड्याला अडीच तास भरभर चालणे, एवढाच तो निकष आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

या आकड्यांत आपली व्यापारी कुटुंबे कोठे बसतात, हे समजण्यासाठी एक जुना अभ्यास पुरेसा आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना डॉ. जेरी मॉरिस यांनी केली आणि ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघेही एकाच गाडीवर, एकाच शहरात, साधारण एकाच आर्थिक थरातले. चालक दिवसभर बसून, वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. आता आपले कापडाचे किंवा भांड्यांचे दुकान डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यावर मालक बसलेला आहे आणि माळ्यावरून माल काढण्यासाठी नोकर दिवसातून पन्नास वेळा शिडी चढतो आहे. दुकानाचा नफा मालकाकडे जमा होतो, हालचालीचा नफा मात्र नोकराच्या खात्यावर.

व्यापाराला कर्ज देताना बँक मालाचा साठा पाहते, येणे तपासते, तारण आणि जामीनदार मागते. पण कुटुंबाच्या पेढीत खरे तारण बहुधा एकाच माणसाचे असते. उधारी कोणाची किती, कोणाचा शब्द खरा, हे सर्व त्याच्याच डोक्यात असते. तो पन्नाशीत अंथरुणाला खिळला, तर साठा आणि येणे असूनही पेढी वर्षभरात डगमगते. विम्याने रक्कम मिळते, बाजारातील पत मिळत नाही.

आणि ते ५७ टक्के? सरकारच्या कोणत्याही परिपत्रकाने सोडवता येणार नाही असा प्रश्न येथे आहे. सकाळी फिरायला जाणारे पुरुष आपल्या समाजात पुष्कळ दिसतात. त्या वेळी घरातील सून स्वयंपाकघरात असते. तिचे घरकाम म्हणजेच व्यायाम, असे आपण सोयीस्करपणे म्हणतो. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे आणि मोकळ्या हवेत भरभर चालणे यांचा हिशेब एक नाही. तिला रोज अर्धा तास मोकळा मिळवून देणे, त्या वेळेत नाश्ता उशिरा झाला तरी कोणी कपाळाला आठी न घालणे, ही कुटुंबप्रमुखाने द्यायची मंजुरी आहे. सासूबाईंनी सुनेला सोबत घेऊनच घराबाहेर पडावे, म्हणजे मंजुरीचा प्रश्नही उरणार नाही.

दुकानातही जपानचा धडा गिरवता येईल. शटर उघडल्यावर, गल्ल्यावर बसण्यापूर्वी, मालक आणि नोकर यांनी मिळून पाच मिनिटे हातपाय, मान आणि कंबर मोकळी करावी. त्यासाठी प्रशिक्षक नको, यंत्र नको. रोज होणे हीच एक अट. दुपारी दर तासाने एकदा गादीवरून उठावे, हिशेबाचा दूरध्वनी चालत-चालत घ्यावा. वर्षातून एकदा पालिताण्याला शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढण्याचे पुण्य मोठे. पण उरलेले दिवस पहिल्या मजल्यासाठीही लिफ्टचे बटण दाबायचे, हे अमेरिकेच्या वार्षिक चाचणीसारखेच झाले. यात्रेला जाऊन दम लागू नये म्हणून घरचा जिना आहे.

एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. अठाई, वर्षीतप किंवा अन्य दीर्घ तप चालू असताना शरीरावर व्यायामाचा ताण घेऊ नये. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आरंभ करावा. चातुर्मासात जीवविराधना टाळण्यासाठी बाहेर फिरणे कमी होते. अशा वेळी घरातल्या घरात उभ्याने करण्याच्या हालचाली पुरेशा आहेत.

शेवटी हेतूचा प्रश्न राहतो. सरकारांना सुदृढ प्रजा कधी सैन्यासाठी हवी होती, कधी विम्याच्या हिशेबासाठी. आपल्याला ती कशासाठी हवी? शरीराचे कौतुक करणे ही आपली परंपरा नव्हे. आरशासमोर दंड फुगवून दाखवण्यात आपल्याला रस नाही. परंतु आपल्या आचार्यांनी सांगितलेल्या पाच आचारांमध्ये ज्ञान, दर्शन, चारित्र आणि तप यांच्यानंतर वीर्याचार आहे. आपल्यात असलेली शक्ती न लपवता सत्कार्यात लावणे, हा त्याचा आशय आहे. पाच समितींमध्ये पहिली ईर्यासमिती चालण्याविषयीची आहे. आपली साधू-साध्वी मंडळी वाहनाचा आधार न घेता गावोगावी अनवाणी विहार करतात. त्यांना गावाच्या वेशीपर्यंत पोहोचवताना आपलीच पावले मागे रेंगाळू लागली, तर शक्ती लपवली गेली नाही, ती साठलीच नाही, असे म्हणावे लागेल.

प्रतिक्रमणात उभे राहून कायोत्सर्ग करता यावा, खमासमण देताना गुडघ्यांनी साथ द्यावी, वृद्धपणी सेवा घेण्याऐवजी सेवा करता यावी, एवढ्यासाठी हे शरीर कार्यक्षम हवे. त्यासाठी सरकारने चळवळ काढली तर तिचे स्वागत करावे. पण तिच्या यशाची वाट पाहू नये. आवर्ती ठेवीचा हप्ता लहान असतो, आणि तो ज्याचा त्यालाच भरावा लागतो. या महिन्याचा पहिला हप्ता उद्या सकाळी.